देवराज इंद्र यांस, मृत पोर्टांच्या भरपाईविषयी

श्रीमंत देवराज इंद्र, वज्रधर, मेघमंडळाधिपती,
मुक्काम अमरावती (वऱ्हाडातील नव्हे),
यांचे सेवेशी :

बंगळूर येथील एका भाडेकरूचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपणांस थेट पत्र लिहिण्याचे धाडस मी स्वेच्छेने करीत नाही. ते माझ्या राऊटरबरोबर आलेल्या हमीपत्राने माझ्याकडून करवून घेतले आहे. वीज, वादळ, पूर, भूकंप व तत्सम दैवी कृत्यांमुळे होणाऱ्या नुकसानीस उत्पादक जबाबदार राहणार नाही, असे त्या पत्राच्या शेवटच्या पृष्ठावर भिंगाखेरीज वाचता न येणाऱ्या अक्षरांत छापलेले आहे. आणि जो कारखानदार एरवी यंत्राचा वेग सांगतानाही ‘आदर्श परिस्थितीत’ अशी पुस्ती जोडल्यावाचून राहत नाही, त्याने आपले अस्तित्व आणि आपले कर्तृत्व इतक्या निःशंकपणे मान्य करावे, हे पाहून माझ्यासारख्या डळमळीत श्रद्धेच्या माणसाचेही मस्तक नम्र झाले. सबब, ज्याच्याकडे उत्पादकाने बोट दाखविले आहे त्याच्याच दरबारी ही फिर्याद गुदरीत आहे.

आपल्या सामर्थ्याविषयी या शहरास शंका नाही. 2 जून 2024 रोजी आपण येथे एका दिवसात 111.1 मिलिमीटर पाऊस पाडून जून महिन्यातला 1891 सालचा 101.6 मिलिमीटरचा उच्चांक मोडलात, तेव्हा उन्मळून पडलेल्या वृक्षांनी किती रस्ते अडले आणि किती तारा तुटल्या, हे आम्ही पाहिले आहे. परंतु झाडे पाडणे हे वायुदेवांचे खाते, आणि त्या खात्याविषयी मला आज काही म्हणायचे नाही. तुटलेली केबल ही एका अर्थी मोठी प्रामाणिक वस्तू असते. ती रस्त्यात लोंबकळते, तिचे छायाचित्र घेता येते, घरातल्या पेटीवर तांबडा दिवा लागतो, आणि मग ग्राहक-सेवेतील कन्येलाही आपली कंपनी बंद पडली आहे हे कबूल करावे लागते. माझे दुःख याहून सूक्ष्म आहे. माझे इंटरनेट चालू आहे.

ते दिवाणखान्यात, वायफायवर, उत्तम चालू आहे. परंतु गच्चीवरील ज्या खोलीत मी लिहिण्याचे काम करतो, तेथे वायफाय पोहोचत नाही म्हणून घरमालकांनी पूर्वी कधी तरी राऊटरपासून एक लॅन केबल खिडकीतून बाहेर काढून, भिंतीच्या अंगाने, उघड्यावरून, वर नेलेली आहे. आणि वळिवाच्या एका संध्याकाळपासून ही केबल व तिचे पोर्ट यांनी मौन धारण केले आहे. आपण आमच्या घरावर पडलात असे नाही. पडला असता तर पंचनामा सोपा झाला असता. आपण पलीकडच्या तळ्याकाठी कोठे तरी उतरलात. पण तीस हजार अँपिअरच्या घरातील प्रवाह जेव्हा काही मायक्रोसेकंदांत उसळतो तेव्हा त्याच्या सभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही तितक्याच त्वरेने पालटते, आणि अशा पालटत्या क्षेत्रात सापडलेल्या तारेत, तिला कोणी स्पर्श करो वा न करो, विद्युद्दाब उत्पन्न होतो, हे फॅरेडेने 1831 सालीच सिद्ध करून ठेवलेले आहे. तार जितकी लांब आणि जितकी उघडी, तितका हा दाब मोठा. लॅन पोर्टाच्या पोटात एक इवलेसे रोहित्र असते व त्याने 1500 व्होल्टचा दाब मिनिटभर सोसावा अशी त्याची घडण असते. त्यापलीकडे जे येते ते त्याला ओलांडून मागच्या चिपेत शिरते, आणि ती चिप जळताना ना धूर होतो, ना वास येतो. वायफायचा संसार त्याच डब्यात, पण वेगळ्या चिपेवर चालत असल्यामुळे शेजारच्या या मृत्यूची त्यास वार्ताही नसते.

ही चौकशी मी रीतसर केली आहे. पहिल्या पोर्टाचा दिवा कोणतीही केबल घातली तरी लागत नाही. तो गतप्राण होय. दुसऱ्यात तीच गच्चीची केबल घातली असता दिवा लागतो, परंतु संगणक 169.254 ने आरंभ होणारा पत्ता धारण करून बसतो. म्हणजे राऊटरकडे पत्त्याची याचना करून उत्तर न आल्यामुळे त्याने तो स्वतःच स्वतःस बहाल केलेला असतो. (हे शहर एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते, सनदेवाचून जहागीरदार म्हणवून घेणाऱ्यांची येथील दफ्तराला ओळख असावी.) तिसऱ्या पोर्टात हीच केबल चालते, पण जेथे 1000 मेगाबिटचा वेग होता तेथे 100 चाच मिळतो, कारण 1000 ला आठही तारा, म्हणजे चारही जोड्या लागतात आणि 100 चा प्रपंच दोन जोड्यांवर निभतो. त्याच पोर्टात नवी आखूड केबल लावून मांडीवरचा संगणक जोडला की वेग पूर्ववत. यावरून पोर्ट दोन आणि केबल एक, अशी हानी निष्पन्न होते. आधी केबल बदलावी, नंतर पोर्ट, शेवटी संगणक, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, एवढे पथ्य पाळले तर हे निदान शाळकरी मुलासही साधेल. ते ज्यांना साधत नाही त्यांच्याकडे तक्रारीचे तिकीट काढावे लागते.

इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने प्रथम राऊटर बंद करून पुन्हा चालू करण्याची आज्ञा केली. ती शिरसावंद्य मानण्यात आली. जळालेल्या चिपेने पुनर्जन्म घेण्याचे नाकारले. नंतर एक तरुण तंत्रज्ञ येऊन, आपल्या मोबाईलवर वेग मोजून, तो दाखवून, अत्यंत सौजन्याने “स्वल्प अडजस्ट माडी, सार” (थोडे जुळवून घ्या, साहेब) असे म्हणून वायफाय वापरण्याचा सल्ला देऊन गेला, आणि तो जिना उतरतो न उतरतो तोच तिकीट निकाली निघाल्याचा संदेश आला. कंपनीची हद्द राऊटरपर्यंत. वीजमंडळाची मीटरपर्यंत. घरमालकांच्या मते भिंत त्यांची, पण भिंतीवरची तार जो वापरील त्याची. राऊटरच्या उत्पादकाचे मत आपण वर वाचलेच आहे. प्रत्येक खात्याने आपापल्या हद्दीत कसून तपास करून स्वतःस निर्दोष ठरविले असून, ज्या पंचवीस हातांच्या तांब्यात हा सारा प्रकार घडला तेथे कोणाचाच अंमल नाही. हद्दीची तमा न बाळगता गच्ची, भिंत, खिडकी, दिवाणखाना असा सलग प्रवास करणारे आपण एकटेच निघालात, आणि प्रशासनाच्या दृष्टीने आपली ही कार्यक्षमता कौतुकास्पद आहे, असे मला दुःखातही वाटून गेले.

आपला या शहरावर काही जुना राग असेल तर तोही मी समजू शकतो. 1902 साली शिवनसमुद्रास कावेरीचे पाणी अडवून निर्मिलेली वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून कोलारच्या सुवर्णखाणींपर्यंत नेण्यात आली, आणि 1905 च्या ऑगस्टात बंगळुरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. जे अस्त्र आपण दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडवून घेतलेत, त्याचे तेज म्हैसूर संस्थानाने वसुलीखात्यात जमा करावे, हा अपमान देवांनाही सहन होण्यासारखा नाही. तथापि त्या अपमानाचा जाब एका लेखकाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पोर्टास विचारणे न्यायास धरून नाही.

माझ्या मागण्या माफक आहेत. भरपाई रोख नको. मृत पोर्टांच्या जागी एक पाच-पोर्टी स्विच लावून मी काम चालविले आहे, आणि उघड्यावरच्या तांब्याऐवजी काचतंतू ओढून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवावेत, म्हणजे आपणांस चढण्यास तारच उरणार नाही, असा माझा मनसुबा आहे. मला हवी आहे ती केवळ आपल्या मुद्रेनिशी एक कबुली, की अमुक तिथीस हे कृत्य आम्ही केले. ती मिळाल्यास विम्याच्या कचेरीतील गृहस्थांना दाखविता येईल, कारण दैवी कृत्य झाले हे आम्ही मानतो, पण त्याचा लेखी पुरावा आणा, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरे असे की, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ नावाचे ॲप वीस व चाळीस किलोमीटरच्या टापूतील आपल्या हालचालींची वर्दी देत असते; तेथील मंडळींशी आपण सहकार्य ठेवावे, आणि वर्दी आल्यावर माणसाला गच्चीच्या खोलीतून दिवाणखान्यात येऊन केबल उपटण्याइतकी उसंत द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक तारबद्ध प्रजाजन

ता. क. : कबुली ईमेलने पाठविल्यास दुपारी तीनच्या आत पाठवावी. वळिवाच्या दिवसांत त्यानंतर केबल काढून ठेवलेली असते, आणि मोहोरबंद कागद मोबाईलवर नीट उघडत नाहीत.