श्री. हवाई अंतर यांस अनावृत पत्र

मु. पो. मंठा, जि. जालना

श्री. हवाई अंतर,
मुक्काम दोन विमानतळांच्या मधोमध, यांस

सा. न. वि. वि.

लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं लंडनला निघणार म्हटल्यावर भाच्याने मोबाइलवर आपली गाठ घालून दिली. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, वेळ ९ तास. आपला हिशेब सोपा. अंतराला ताशी साडेआठशेने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा. मग गंमत म्हणून मंठा ते लंडन विचारलं, तर ७,४००! म्हणजे मुंबईकरापेक्षा आम्ही फक्त २०० किलोमीटर लांब. आपल्या भावाने १५ मिनिटं. मी तर ही बातमी चहाच्या टपरीवर सांगूनही टाकली.

हे पत्र त्या १५ मिनिटांबद्दल आहे.

निघायचं ठरलं दुपारी बाराला. गाडीवाला 'निघालोच, निघालोच' म्हणत दीड तास निघत होता. मंठ्याला रेल्वे नाही, ती गाठायची तर परतूर. म्हणून वाटूर फाटा, जालना आणि पुढे समृद्धी महामार्ग. समृद्धीबद्दल तक्रार नाही. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडाही खुला झाला, गाडी नुसती पळाली. पळून पळून मुंबईच्या गर्दीत रुतली. विमानतळावर ३ तास आधी हजेरी. तिथे डिंकाच्या लाडवांनी वजन ओलांडलं, बॅग सगळ्यांसमोर उघडली, आणि मी अंगात दोन स्वेटर घालून घामाघूम उभा. विमान हललं तेव्हा घर सोडून १५ तास झाले होते. आकडा आपला बरोबर निघाला, साहेब. मिनिटं तेवढी चुकली.

वर गेल्यावर तरी आपली सरळ रेघ भेटावी? गोलावर दोरी ताणून पाहिली तर ती पाकिस्तान, इराण, काळा समुद्र, युक्रेन अशी जाते. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आकाश बंद केलं. युक्रेनचं फेब्रुवारी २०२२ मध्येच सगळ्यांना बंद झालं. बांधावरच्या शेजाऱ्यांचं बिनसलं की शेताची वाट वळशाने जाते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक. आपल्या भागाकारात शेजारी बसत नाहीत, वाराही नाही. वरचा पश्चिमेचा वारा जाताना तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून परतीला वेळ कमी लागतो. आमचे नवाचे दहा झाले.

तरी उतरल्यावर घड्याळ मागे केलं आणि ही म्हणाली, "बघा, वेळ परत मिळाला." आता हिला काय सांगू?

आपला,
२०० किलोमीटर लांबचा एक मंठेकर

ता. क. : आमच्या शेजारी लोणारला फार पूर्वी एक पाहुणा आकाशातून थेट उतरला होता. त्याला ना जालन्यावरून यावं लागलं, ना ३ तास आधी हजर राहावं लागलं. सामानही भरपूर असावं; खड्डा सुमारे पावणेदोन किलोमीटरचा आहे.