चौथा गडी

देवरीत गुरुजी समोरून येताना दिसले की ओळखीची माणसं पानठेल्यामागे सरकतात. गुरुजी उधार मागत नाहीत, वर्गणीही मागत नाहीत. विचारतात एवढंच, "का जी, सांजच्याला रिकामे आहा का?"

सेवानिवृत्तीनंतर ते लेकीकडे सिंगापूरला तीन महिने राहिले आणि येताना माहजोंगची पेटी घेऊन आले. १४४ सोंगट्या! विमानतळावर वजन जास्त भरलं, तेव्हा त्यांनी नातवंडांची चॉकलेटं काढली, पेटी ठेवली. हातात १३ सोंगट्या, एक उचलायची, एक टाकायची, तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी जमली की डाव आपला. काकूंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "रमीच तर होय, पत्त्यांच्या जागी विटा."

अडचण एकच, गडी चार लागतात. गुरुजी, शेजारी राहतो म्हणून मी, आणि निवृत्त तलाठी, असे तीन झालो. तलाठ्यांची हरकत मात्र आजही कायम आहे. या खेळात पूर्वेच्या गड्याच्या उजव्या हाताला दक्षिण बसते. नकाशात तिथे उत्तर येते. "उभा जन्म सातबारा लिहिण्यात गेला," ते दर डावाआधी सांगतात, "पण अशी चतुःसीमा पाहिली नाही."

चौथ्या जागेवर टोपल्या विणणारे एक काका एकदा बसले होते. बांबूच्या सोंगट्या आहेत म्हटल्यावर उत्साहानं आले. एक बांबूची सोंगटी हातात घेतली, तर तिच्यावर पक्षी. (तो तसाच असतो, चिन्यांनी का काढला ते चिन्यांनाच ठाऊक.) "हा कोठचा बांबू जी, हे तं पाखरू होय!" म्हणाले आणि उठले.

बाकीच्यांना सवड कुठली? मार्च-एप्रिलात मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, पाऊस पडला की धानाची रोवणी. दिवाळीनंतर मंडई, आणि मग होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं. गुरुजींचं दुखणं तिथंच आहे: नाटकाला अख्खं गाव थंडीत पहाटेपर्यंत बसतं, आणि यांना दोन तासांसाठी एक माणूस मिळत नाही. कुणी तरी पोलिसांची भीती घातली, तर त्यांनी १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातलं कौशल्याच्या खेळांना सूट देणारं कलम झेरॉक्स करून पेटीत ठेवलं. गडी तेवढा आला नाही.

मग कळलं, तिबेटी लोक माहजोंग खेळतात. आपल्याच जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत १९७२ पासून आहे! गेल्या डिसेंबरात गुरुजी पेटी मांडीवर घेऊन एसटीनं तिकडे गेले. वसाहत सामसूम. हिवाळ्यात ही मंडळी स्वेटर विकायला शहरोशहरी जातात, हे जिल्ह्याच्या भूगोलाचा धडा वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. पेटी पुन्हा मांडीवर घेऊन ते परतले. येताना शेजारच्या सीटवरच्या माणसाला अर्धे नियम शिकवले; तो अर्ध्या वाटेतच उतरून गेला. त्याचं गाव तेच होतं की नाही, देव जाणे.

मुंबई-कोलकाता महामार्गावरून जाताना देवरीत चहाला थांबणार असाल तर जरूर थांबा, चहा चांगला मिळतो. फक्त आधी कळवू नका. गुरुजी पेटी घेऊन स्टँडवर येऊन उभे राहतात.