घर्षणाचे फायदे आणि तोटे

'घर्षण नसते तर काय झाले असते? पाच ओळींत लिहा.' हा प्रश्न मी आठवीच्या पोरांना तीस वर्षं घातला. उत्तरंही तीस वर्षं तीच यायची. घर्षण नसते तर आपल्याला चालता आले नसते. घर्षण नसते तर काडी पेटली नसती. घर्षण नसते तर गाडी थांबली नसती. हे तिसरं वाक्य पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलेलं असायचं, म्हणून मी त्याला अर्धाच गुण द्यायचो. यंदाच्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, आमच्या आशागडच्या रस्त्यावर तो प्रश्न नियतीने मला घातला. वेळ मिळाला चार सेकंद. ओळीही पाच निघाल्या नाहीत. टायर चारच असल्यामुळे चार निघाल्या.

पण गोष्ट सुरू होते ती मिनेसोटात.

मुलगी आणि जावई मिनिआपोलिसला असतात. निवृत्तीनंतर एकदा येऊन जा म्हणून दोघांनी तगादा लावला. स्वस्त तिकीट जानेवारीचं मिळत होतं, म्हणून आम्ही जानेवारीत गेलो. ते स्वस्त का होतं, ते विमानातून उतरल्यावर कळलं. बाहेर उणे पंचवीस. आमच्याकडे पेपरात डहाणूचं किमान तापमान सोळा अंश छापून आलं, की गावात कानटोप्या निघतात, शेकोट्या पेटतात आणि 'यंदा थंडी काय म्हणते' यावर आठवडाभर चर्चा चालते. सोळातून उणे पंचवीसपर्यंतची वजाबाकी मी मनात केली. एक्केचाळीस. दात वाजत असल्यामुळे हातचा राहिला की काय, अशी शंका आली.

निघण्याआधी डहाणूच्या गॅरेजवाल्याने माझी गाडी बघून सांगितलं होतं, "सर, मागचे टायर गेले. बदलून टाका."

"आल्यावर बघू," मी म्हटलं. अमेरिकेच्या दोन तिकिटांचे पैसे मोजलेल्या माणसाला टायरचे पैसे फार वाटतात.

जावई इंजिनिअर. जावयाचं ऐकून घ्यायचं असतं, हा आपल्याकडचा रिवाज, त्यामुळे पहिल्याच रविवारी तो मला एका मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन गेला आणि म्हणाला, "बाबा, आता मी गाडी मुद्दाम घसरवतो. घाबरू नका." तिकडे हिवाळा लागला की लोक अशी तालीम करतात म्हणे. डांबरावर बर्फाचा पारदर्शक पापुद्रा धरतो, रस्ता नुसता ओला दिसतो. त्याला ते ब्लॅक आइस म्हणतात. काळंही नाही आणि दिसतही नाही, तरी नाव काळं बर्फ.

मग त्याने मला, म्हणजे घर्षण शिकवण्यात हयात घालवलेल्या मास्तराला, घर्षण शिकवलं. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७, ओल्यावर ०.४, बर्फावर ०.१. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा ब्रेक दाबला, तर ती कोरड्या रस्त्यावर वीसेक मीटरांत थांबेल, ओल्यावर पस्तीस आणि बर्फावर एकशे चाळीस. मी मनातल्या मनात गणित तपासलं. बरोबर होतं. वेगाचा वर्ग, भागिले घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. जावयाला दहापैकी दहा.

"घसरली की तीन गोष्टी," तो म्हणाला. "पाय काढायचा. मागचा भाग ज्या बाजूला चाललाय, त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच वळवायचं. आणि जिथे जायचंय तिकडे बघायचं, जिथे आपटणार आहोत तिकडे नाही." एवढं बोलून त्याने गाडी गर्रकन फिरवली आणि तितक्याच सहज सरळ केली. मी हसतमुख बसून होतो. दाराची कडी माझ्या हातात निघून आली नाही, हे त्या गाडीच्या कंपनीचं श्रेय.

तिकडे रस्त्यांवर ट्रकने मीठ टाकतात. मिठाने पाण्याचा गोठणांक खाली येतो. पारा उणे दहाच्या खाली गेला, की मीठही हात टेकतं. हे मी सौभाग्यवतींना शास्त्रोक्त समजावलं. तिचं लक्ष वेगळीकडेच होतं. सांडलेलं मीठ देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. खिडकीतून तो मिठाचा ट्रक बघून ती हळहळली, "या राज्याच्या पापण्यांचं कसं व्हायचं हो?"

जावयाच्या डिकीत मांजराच्या शीची वाळू होती. घरात मांजर नव्हतं. चाक बर्फात फिरत राहिलं, की त्याच्यापुढे ती वाळू टाकायची, म्हणजे चाकाला पकड मिळते. हा मुद्दा मी वहीत लिहून घेतला.

दीड महिन्यात मी एकदाही घसरलो नाही. ना गाडीत, ना पायी. मार्चमध्ये आशागडला परतलो तो बर्फाचा तज्ज्ञ होऊनच.

आशागड डहाणूहून चारोटीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इथल्या माणसाचा बर्फाशी संबंध दोनच ठिकाणी येतो. एक, डहाणूच्या कोळ्यांसाठी निघणारी कारखान्याची लादी. दुसरा, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेतला गोळा. अशा गावात नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून मी मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने बर्फावर व्याख्यानं दिली. बाहेर छत्तीस अंश, अंगातून घामाच्या धारा, आणि मी सांगतोय, "मागचा भाग जिकडे जातो, तिकडेच स्टिअरिंग!" श्रोते निमूट ऐकत. त्यांतले निम्मे माझे विद्यार्थी, त्यांना सवय होती.

टपरीवाल्याला एकच शंका. "सर, घसरतं ना त्यावरून? मग ती माणसं उचलत का नाय तो बर्फ? आपण लादी उचलतो तशी?"

एका पोराने मोबाइलवर मनालीच्या वरचे, अटल बोगद्याकडचे व्हिडिओ दाखवले. बर्फावरून गाड्या कॅरमच्या सोंगट्यांसारख्या एकमेकींवर आपटत होत्या. एक गाडी आपल्या एमएच पासिंगची होती. मी बोट ठेवून ओरडलो, "बघ, बघ! ब्रेक दाबला! चुकलं!" पोरांना ते एवढं आवडलं, की पुढे कोणी कॅच सोडला तरी ती म्हणायची, "ब्रेक दाबला! चुकलं!"

मग जून आला. वटपौर्णिमेच्या आसपास दुपारी आभाळ भरून आलं आणि पहिली सर पडून गेली. मातीचा वास सुटला. राबावर भाताची पेरणी करायला माणसं शेतात उतरली. सौभाग्यवती म्हणाली, "चला, महालक्ष्मीला जाऊन येऊ. परदेशातून सुखरूप आलो, नारळ द्यायचा राहिलाय." आम्ही निघालो. पुढे मी आणि ती. मागे आई, वय सत्त्याऐंशी, गाडीत बसताक्षणी झोपलेली. डिकीत बहिणीला द्यायचा एक फणस. गाडी २०१२ सालची. नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये. माझी गाडी त्या कायद्याच्या आधी जन्मलेली, म्हणजे स्वतंत्र विचारांची. आणि टायर? "एवढा पावसाळा काढतील," असं मी गॅरेजवाल्याला एप्रिलमध्ये पुन्हा सांगितलं होतं.

आठ महिने रस्त्यावर धूळ, डिझेलचे थेंब आणि टायरांचा चुरा साचलेला असतो. भरपूर पाऊस झाला तर तो वाहून जातो. थोडाच झाला तर या सगळ्याचा पिठल्यासारखा लेप तयार होतो. त्यात ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर आलेला चिखल. वर रस्त्याकडेच्या जांभळीने टाकलेला सडा. मिनेसोटाच्या काळ्या बर्फाला निदान नावापुरता तरी काळेपणा हवा असतो. आमचा जांभळा होता.

टपरीपासून पन्नास पावलांवर एक करडू रस्त्याच्या मधोमध येऊन उभं राहिलं आणि माझ्याकडे शांतपणे बघू लागलं.

मी काय करायला हवं होतं, ते आशागडातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तीन महिने मीच सांगत होतो. प्रत्यक्षात मी ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिलो. स्टिअरिंग जिकडे नको तिकडे पिळलं. आणि जिथे जायचंय तिकडे बघण्याऐवजी डोळे मिटून घेतले. गाडीचा मागचा भाग मला ओलांडून पुढे जाऊ लागला. डाव्या सीटवर ब्रेक नसतानाही सौभाग्यवतीने तो दाबला आणि महालक्ष्मीला एका नारळाचे पाच केले. डिकीत फणस या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत होता. मी काय केलं म्हणाल, तर शास्त्राचा माणूस असूनही "आई गं!" असं ओरडलो.

आई त्या हाकेने जागी झाली. म्हणाली, "आलं का देऊळ?"

गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड डहाणूकडे होतं आणि मागची चाकं बांधाच्या गवतात. कोणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. करडू जागचं हललं नव्हतं. ते अजूनही बघत होतं, फक्त आता मागच्या काचेतून.

टपरीवरून सगळे धावत आले. शेतातूनही दोघे-तिघे आले, पायांना चिखल, हातात बियाण्याची टोपली. एका म्हाताऱ्या बाईने खिडकीत वाकून विचारलं, "काय झाला? ताडी घेतली काय?" मी हादरून नुसतंच "नाही, घर्षण!" एवढंच म्हणालो. तिला माझ्या ताडीबद्दलची खात्री पटली असावी.

मागच्या बाजूने एक ओळखीचा आवाज आला, "ब्रेक दाबला!" दुसऱ्या पाच जणांनी पूर्ण केलं, "चुकलं!"

चाकं गवतात फिरत होती. मला वहीतली मांजराची वाळू आठवली, पण वही घरी होती आणि मांजर शेजाऱ्यांचं. माझ्याच एका विद्यार्थ्याने, आठवीत ज्याला घर्षणात मी तीन गुण दिले होते त्याने, बांधावरचा पालापाचोळा आणि दोन मूठ रेती आणून चाकांखाली टाकली. चौघांनी गाडी ढकलली आणि ती रस्त्यावर आली. मग तो अगदी आदराने म्हणाला, "सर, पहिल्या दोन सरींत आपण गाडी काढतच नाय. रस्ता धुऊ द्यायचा." जावयाने दीड महिना आणि मी तीन महिने जे सांगितलं, ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं, तेही चिखलाच्या पायांनी उभं राहून.

रात्री मिनेसोटाहून फोन आला. मुलगी म्हणाली, "बाबा, तिकडे बर्फ कुठाय घसरायला?" जावयाने शांतपणे विचारलं, "टायर कसे होते?" इंजिनिअर माणूस. नेमका नको तो प्रश्न विचारतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने टायरच्या खाचेत नख घालून दाखवलं. नख घालण्याजोगी खाचच नव्हती. कायद्याने ती किमान १.६ मिलिमीटर लागते, तिच्यातूनच पाणी बाजूला जातं आणि रबर रस्त्याला टेकतं. माझे मागचे दोन टायर माझ्या टकलाइतके गुळगुळीत झाले होते. तेव्हा तीन महिने व्याख्यानात मी ज्याला दोष देत होतो, त्या बर्फाचा इथे संबंध नव्हता. पावसाचाही फारसा नाही. करडाचा तर मुळीच नाही.

चारही टायर बदलले. महालक्ष्मीला पाच नारळ फोडून आलो. आता पहिल्या दोन सरींना गाडी अंगणात उभी असते आणि मी टपरीवर असतो, फक्त श्रोता म्हणून. राहता राहिलं ते तिसरं वाक्य. घर्षण नसते तर गाडी थांबली नसती, याला अर्धा नव्हे, पूर्ण गुण द्यायला हवा होता. तीस वर्षांत ज्यांचे ज्यांचे कापले, त्यांनी आशागडला येऊन आपला अर्धा गुण घेऊन जावा. मात्र येताना टायर बघून निघा.