थकीत भांडे

आमच्या सोसायटीतल्या टोनरकाकांच्या डाव्या हाताची तर्जनी बाराही महिने मतदान करून आल्यासारखी दिसते. शाई नसते ती. लेझर प्रिंटरच्या रिकाम्या कार्ट्रिजमध्ये पावडर भरताना सांडलेली भुकटी नखाच्या कडेला जाऊन बसलेली असते. बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांनी घरी प्रिंटर आणला. पहिलं कार्ट्रिज संपलं, दुकानदाराने नव्याची किंमत साडेपाच हजार सांगितली, आणि काकांच्या निवृत्तीला काम मिळालं.

टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरणाऱ्यांची जी जात आहे, काका तिच्यातले. त्यांचा टोनर श्रीखंडाच्या डब्यात असतो. वर चिठ्ठी: ‘खाऊ नये’.

त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. “चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला, इथवर मी समजू शकतो. पण मसाला संपला म्हणून पाटा-वरवंटाही फेकून द्यायचा?” कार्ट्रिजमध्ये पावडरीबरोबर ड्रम, रोलर, ब्लेड असा सगळा संसार असतो, संपते ती पावडर. मग आवाज खाली आणून ते २०१७ सालचा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतात. लेक्समार्क या बड्या प्रिंटर कंपनीने पुन्हा भरलेली कार्ट्रिजं विकणाऱ्या एका छोट्या कंपनीला पेटंटवरून कोर्टात खेचलं होतं. कोर्ट म्हणालं, एकदा वस्तू विकलीत की तिच्यावरचा तुमचा पेटंटचा हक्क संपला. हे सांगताना काकांचा चेहरा असा उजळतो, जणू वकीलपत्र त्यांचंच होतं.

पूर्वी स्कूटरवरून एक मुलगा यायचा. जिन्यात वर्तमानपत्र पसरून अडीचशे रुपयांत कार्ट्रिज भरून द्यायचा. काकांनी त्याचं काम तीनदा डोळ्यांत तेल घालून पाहिलं आणि चौथ्यांदा त्याला बोलावलं नाही. पहिल्याच प्रयोगात निम्मी पावडर सदऱ्यावर गेली. काकूंनी सदरा गरम पाण्यात भिजत घातला. टोनर म्हणजे मुळात बारीक दळलेलं प्लास्टिक. ते कागदाला चिकटतं तेच उष्णतेने. सदऱ्यालाही चिकटलं.

छपाईतला घोळ मात्र पावडरीचा नव्हता. तो मुलगा आत साठलेली वाया गेलेली भुकटी आधी काढून टाकायचा आणि ड्रम झिजला असेल तर तसं सांगायचा. काकांनी त्यातलं फक्त भरणं उचललं. ड्रम बदलणं हा त्यांना धंदेवाल्यांचा कावा वाटला. माझं मत विचाराल तर उघडून, साफ करून, नवा ड्रम घातलेलं कार्ट्रिज घरच्या कामाला खुशाल वापरावं. नुसती पावडर ओतणं म्हणजे आंघोळ न करता अत्तर लावणं.

काकांचा ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा. त्यावर ओरखडा पडला तर कागदावर दर ७५ मिलिमीटरला ठिपका उमटतो. हे गणित मला काकांनीच शिकवलं, पट्टी लावून. पण इंग्रजीत ठिपका हा डाग असतो, मराठीत तो अनुस्वार होतो. सेक्रेटरींनी त्यांच्याकडून नोटीस छापून घेतली : पार्किंगचे थकीत भाडे रविवारपर्यंत जमा करावे, अन्यथा १५० रुपये दंड. वरचा ठिपका ‘भाडे’च्या डोक्यावर बसला, खालचा एक आणि पाचच्या मध्ये. रविवारी तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पोचे आलेलं पातेलं घेऊन ऑफिसात आले. थकीत भांडे, म्हणाले. सोबत पाकिटात दीड रुपया दंड. रीतसर पावतीही मागितली.

काकांना विचाराल, एवढं छापता तरी काय? महिन्याला दहा पानं. त्यातली सात, टोनर नीट भरलाय का हे बघण्यासाठी.

परवा मला मुलाच्या प्रवेशाचा अर्ज छापायचा होता. “महत्त्वाचा आहे?” काकांनी विचारलं. हो म्हणालो. ते उठले, कपाट उघडलं. काकूंच्या शालूशेजारी कंपनीचं सीलबंद कार्ट्रिज होतं. मुलीने वाढदिवसाला दिलेलं. काकांनी खोक्यावरून हात फिरवला, क्षणभर थांबले आणि कपाट लावून टाकलं.

“तू असं कर, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे जा.”

झेरॉक्सवाल्याच्या दुकानात मागच्या बाजूला, वर्तमानपत्र पसरून, तोच स्कूटरवाला मुलगा बसला होता. माझा अर्ज बाहेर आला, लख्ख. मी तरीही पट्टी मागितली.

“नवा ड्रम टाकलाय,” मुलगा मान वर न करता म्हणाला.

“केवढ्याला पडतो?”

“दीडशे.”

काकांना दाखवायला मी तो आकडा त्याच्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतला. एक आणि पाचच्या मध्ये काही नाही ना, तेही बघून घेतलं.