कॅमेऱ्याचे गोत्र

डिजिटल एसएलआर कॅमेरा विकत घेणाऱ्या गृहस्थास आपण एक वस्तू घेत आहोत असे वाटत असते; विक्रेत्यास मात्र आपण त्याची एका घराण्याशी सोयरीक लावून देत आहोत याची पूर्ण जाणीव असते, आणि ती तो पैसे हाती पडेपर्यंत बोलून दाखवीत नाही. ही सोयरीक नेमकी कशाशी होते, ती मोडता येते काय आणि मोडल्यास देणेघेणे कोणाच्या अंगावर पडते, याचा विचार खरेदीपूर्वी व्हावा असा शास्त्राचा आग्रह असला, तरी रूढी अशी आहे की तो खरेदीनंतर काही महिन्यांनी, दुसरी लेन्स घेण्याची इच्छा झाली म्हणजे सुरू होतो.

एसएलआर या संज्ञेचा अर्थ असा की, ज्या लेन्समधून छायाचित्र उमटते त्याच लेन्समधून छायाचित्रकार दृश्य पाहतो. लेन्सच्या मागे ४५ अंशांत तिरपा बसविलेला आरसा प्रकाश वर फेकतो, माथ्यावरचा काचेचा लोलक प्रतिमा सुलट करून डोळ्यापर्यंत पोचवितो, आणि बटण दाबताच आरसा क्षणभर वर उचलला जाऊन प्रकाशाला मागच्या सेन्सरपर्यंत, म्हणजे फिल्मच्या जागी आलेल्या प्रकाशसंवेदी पटलापर्यंत, वाट मोकळी होते. स्वस्त बॉडींत लोलकाऐवजी आरशांचीच पोकळ रचना असते व तिच्यातून जग किंचित अंधारे दिसते. पण आरसा उचलला जाताना होणारा ‘खटॅक’ हा आवाज गरीब-श्रीमंत सर्वांना मिळतो, आणि निम्मे ग्राहक त्या आवाजासाठीच पैसे मोजतात हे मत अगदीच निराधार म्हणता येत नाही.

बॉडीच्या तोंडाशी जे धातूचे कडे असते त्याला माउंट म्हणतात. लेन्सवरची खूण कड्यावरच्या खुणेसमोर आणावी, लेन्स आत टेकवून थोडी फिरवावी आणि ‘टक्’ झाले की सोडावी, एवढाच विधी आहे. मात्र कॅमेऱ्यासमोर उभे राहून पाहिले असता कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे प्रदक्षिणेच्या रीतीने बसते व निकॉनची त्याच्या उलट. त्यामुळे ज्या घरात दोन्ही नांदतात तेथे लेन्स काढायला जाऊन ती घट्टच आवळण्याचे प्रकार घडत राहतात. कड्याची ही घडण आणि कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर, या दोहोंस मिळून कॅमेऱ्याचे गोत्र म्हणावे. विवाहशास्त्राने सगोत्र संबंध निषिद्ध मानला होता (१९५५ च्या कायद्याने तो निषेध ठेवला नाही, ही गोष्ट वेगळी). येथे नियम नेमका उलटा असून सगोत्र संबंधच तेवढा ग्राह्य धरला जातो. निकॉनच्या एफ माउंटात हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, कॅननच्या ईएफ माउंटात ४४, आणि या अडीच मिलिमीटरांनी अनुलोम-प्रतिलोमाचा सगळा प्रश्न उभा केला आहे: निकॉनची लेन्स मधे पातळ कडे घालून कॅननच्या बॉडीवर नेता येते, फोकस तेवढा हाताने करावा लागतो, कॅननची लेन्स निकॉनवर आणल्यास मात्र ती सेन्सरपासून नको इतकी दूर पडते आणि समोरचा डोंगर काही केल्या स्पष्ट होत नाही.

गोत्र जुळले म्हणजे काम झाले, अशी ज्यांची समजूत असते त्यांना प्रवर शिकवावे लागतात, आणि या बाबतीत निकॉनच्या घराण्याइतके क्लिष्ट घराणे दुसरे नाही. १९५९ साली निकॉन एफ या कॅमेऱ्याबरोबर आलेले कडे डिजिटल युगातही बदलले नाही, या एकनिष्ठेचे गोडवे निकॉनपंथीय मंडळी येता-जाता गात असतात. पण घराणे जितके जुने तितके मानपान अवघड. स्वयंचलित फोकस आला तेव्हा या घराण्याने मोटर बॉडीत ठेवली, आणि कड्याच्या आतून डोकावणारे स्क्रूड्रायव्हरसारखे एक बारीक टोक लेन्सच्या खाचेत शिरून तिची भिंगे फिरवू लागले. पुढे मोटर लेन्समध्ये आली, अशा लेन्सना एएफ-एस म्हटले गेले, आणि २००६ साली निघालेल्या डी४० या बॉडीतून ते टोक काढून टाकण्यात आले. तेव्हापासून डी३००० आणि डी५००० या मालिकांतील, म्हणजे नवख्या ग्राहकाच्या खिशाला परवडणाऱ्या, सर्व बॉडी मोटरविरहित राहिल्या. आता ५० मिलिमीटर एफ/१.८ डी ही स्वस्त, नेटकी आणि सर्वांनी शिफारस केलेली लेन्स डी५६०० वर बसते, ‘टक्’ म्हणते, प्रकाश मोजू देते आणि फोकस करण्याची वेळ आली की ढिम्म राहते. तीच लेन्स डी७००० वर बसविली की कुरकुरत का होईना, कामाला लागते. तिचीच धाकटी बहीण जी या अक्षराची आहे. तिच्यात मोटर आहे, पण पोटावरचे अ‍ॅपर्चरचे कडे नाही. २०१६ साली या कुळात एएफ-पी नावाची शाखा निघाली, जिची मोटर जवळजवळ नि:शब्द आहे. तथापि डी९० किंवा डी३१०० यांसारख्या जुन्या बॉडीवर ही लेन्स आपोआप फोकस करीत नाही आणि हातानेही करू देत नाही, कारण तिचे फोकसचे कडेसुद्धा विजेवर चालते व ती वीज कशी वापरावी हे जुन्या बॉडीस ठाऊक नसते. एका अक्षराने एवढा अनर्थ होत असतानाही दुकानात ही अक्षरे कोणी मोठ्याने वाचीत नाही.

कॅननने निराळा मार्ग पत्करला. १९८७ साली या कंपनीने आपले एफडी नावाचे जुने गोत्र सोडून ईएफ हे नवे घेतले, मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच ठेवली, आणि जुन्या लेन्स बाळगणाऱ्यांचे शिव्याशाप घेतले. ईएफचे कुळ त्यामुळे बरेच सुटसुटीत झाले. २००३ साली ३००डी या बॉडीबरोबर ईएफ-एस ही पोटशाखा निघाली तेवढाच काय तो अपवाद. तांबडा ठिपका ही ईएफची खूण, पांढरा चौकोन ही ईएफ-एसची. ईएफ-एस लेन्सचा पार्श्वभाग बॉडीत जरा अधिक आत शिरतो आणि मोठ्या सेन्सरच्या बॉडीतील मोठा आरसा त्याच्यावर आपटेल, म्हणून तेथे ती मुळातच बसणार नाही अशी योजना केलेली आहे. निकॉनची छोट्या सेन्सरसाठीची डीएक्स लेन्स मात्र मोठ्या बॉडीवर बसते. फक्त सेन्सरचा मधला तुकडाच वापरला जाऊन २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून १० मेगापिक्सेल हाती येतात, आणि मोठा सेन्सर कशासाठी घेतला होता हा प्रश्न घरात विचारला जातो.

मेगापिक्सेलांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. १९९१ साली कोडॅकने निकॉन एफ३ च्या बॉडीवर जो डिजिटल एसएलआर उभारला त्यात १.३ मेगापिक्सेल होते आणि चित्रे साठविण्याची पेटी खांद्याला वेगळी अडकवावी लागे; पुढे प्राथमिक बॉडीही २४ पर्यंत गेली. हा प्रश्न सुटलेला आहे. ग्राहकाचा पहिला प्रश्न तरीही तोच असतो.

सेन्सर मोठा की छोटा, या वादाचे मूळ मात्र जाणून घ्यावे असे आहे. ऑस्कर बार्नाक या लाइट्झ कंपनीतील जर्मन तंत्रज्ञाने चित्रपटाची फिल्म आडवी वापरून जो छोटा कॅमेरा बनविला आणि जो १९२५ साली लायका या नावाने बाजारात आला, त्यातील चित्राची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर होती; त्या मापाच्या सेन्सरला आज फुल फ्रेम म्हणतात, आणि बहुतेकांना परवडणारा सेन्सर त्याहून दीड ते एक पूर्णांक सहा दशांश पट लहान असतो. लेन्सवर लिहिलेले नाभीय अंतर, म्हणजे ती दृश्य किती जवळ ओढते हे सांगणारा आकडा, बार्नाकच्या मापाला धरून समजून घेण्याची प्रथा पडली आहे. परिणामी ५० मिलिमीटरची लेन्स छोट्या सेन्सरच्या निकॉनवर ७५ सारखी आणि कॅननवर ८० सारखी वागते. माळरानावर याची अडचण नसते. दहा बाय बाराच्या खोलीत बारशाचा फोटो काढताना मात्र छायाचित्रकार मागे सरकत सरकत कपाटाला, मग दाराला आणि अखेर जिन्याला लागतो, आणि पाळण्यापाशी जमलेल्या आत्यांपैकी एक तरी चौकटीबाहेरच राहते. ती कोणती, हे तिला पुढची कित्येक वर्षे आठवते.

दुसरा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो, त्यामुळे आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे आणि किंमतही मोठी. बॉडीबरोबर मिळणारी १८-५५ ची किट लेन्स पूर्ण लांबविली असता तिचे छिद्र एफ/५.६ पलीकडे उघडत नाही; त्या लेन्सच्या तुलनेत एफ/१.८ ची लेन्स सुमारे दहापट प्रकाश आत घेते. अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर किट लेन्स घेऊन गेलेल्या माणसाच्या छायाचित्रांत ढोलपथक असते, पण ते ढोलपथक आहे हे शेजारी उभे राहून सांगावे लागते. सबब दुसरी लेन्स म्हणून ३५ किंवा ५० मिलिमीटरची, झूम न होणारी, एफ/१.८ ची साधी लेन्स घ्यावी, हे मत जुने आहे आणि बरोबर आहे. ते सहसा पाळले जात नाही, कारण ही लेन्स आकाराने बटाट्याएवढी असून गळ्यात घातल्यावर कोणी वळून पाहत नाही.

वळून पाहण्याजोगी लेन्स पाहायची तर भिगवणला जावे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले की कुंभारगावच्या होड्यांतून १५०-६०० मिलिमीटरच्या, सुमारे दोन किलो वजनाच्या नळकांड्या पाण्याच्या दिशेने रोखलेल्या दिसतात. या लेन्स टॅमरॉन व सिग्मा या तिसऱ्या घराण्यांच्या असतात. या घराण्यांना स्वत:चे गोत्र लावण्याचा आग्रह नसल्यामुळे ती एकच लेन्स निकॉनसाठी आणि कॅननसाठी अशा निरनिराळ्या कड्यांनी काढतात, आणि म्हणूनच मागविताना कोणत्या कड्याची हवी हे सांगण्यास विसरू नये. होडीतील मंडळींत संभाषण पक्ष्यांविषयी फारसे होत नाही. ते शटरचा वेग, हाताचा थरकाप सावरणारी यंत्रणा (निकॉन तिला व्हीआर म्हणते, कॅनन आयएस, टॅमरॉन व्हीसी, काम एकच) आणि पुढच्या लेन्सची किंमत यांभोवती फिरते.

आजचा ग्राहक बहुधा जुन्या मालाकडे वळतो. २०१८ साली निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ ही आरसारहित कॅमेऱ्यांची नवी गोत्रे काढली, आणि हौशी मंडळींनी आपले जुने संसार विकायला काढले. जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसविण्यासाठी दत्तकविधानाचा अ‍ॅडॉप्टर मिळतो. उलट दिशेने तो विधी शक्य नाही, कारण नव्या गोत्रांत कडे ते सेन्सर हे अंतर १६ व २० मिलिमीटर इतके कमी आहे. येथे एक काव्यगत न्याय घडून आला. कॅननच्या १९८७ पासूनच्या लेन्स आपापल्या मोटरीनिशी नव्या घरी सुखाने फोकस करू लागल्या, आणि निकॉनच्या बॉडीच्या मोटरीवर विसंबलेल्या डी लेन्स निकॉनच्याच अ‍ॅडॉप्टरवर पुन्हा ढिम्म झाल्या. ज्यांनी आप्तांना एकदाच आणि पुरते दुखावले ते सुटले. ज्यांनी सर्वांना थोडेथोडे सांभाळले त्यांना अजून खुलासे द्यावे लागत आहेत.

जुनी लेन्स पारखताना ती उजेडाकडे धरून पाहू नये. अंधाऱ्या खोलीत तिच्यातून टॉर्चचा झोत सोडावा व बाजूने पाहावे. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये अशा वेळी कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसण्याची शक्यता पुष्कळ असते. ती बुरशी होय. पावसाळ्यात कातडी पिशवीत बंद करून ठेवलेल्या लेन्सला ती हटकून लागते. तिच्यावरचा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलचे निळे दाणे. हे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात, ही माहिती स्वयंपाकघराच्या अधिपतीस आधी द्यावी. कढईत काय परतले जात आहे याचा उलगडा नंतर करण्याचे अनुभव उत्साहवर्धक नाहीत. विक्रेता लेन्सविषयी ‘फक्त घरगुती वापर’ असे म्हणतो, तेव्हा ती चार पावसाळे कपाटातच होती असा त्याचा अर्थ घ्यावा.

इतक्या शास्त्रार्थानंतर निर्णय कसा होतो? तो मेव्हण्यावरून होतो. ‘भावोजी, निकॉनच घ्या, माझ्या लेन्स पडूनच असतात’, हे एक वाक्य माउंट, मोटर, सेन्सर आणि अ‍ॅपर्चर यांच्या सर्व विवेचनावर मात करते, आणि विचारान्ती हा निर्णय सर्वांत शहाणपणाचा ठरतो, कारण उसनी मिळणारी लेन्स ही कोणत्याही सवलतीतील लेन्सपेक्षा स्वस्त असते. प्रत्यक्ष मागणी केली असता ती लेन्स साफसफाईस गेलेली असते, हा भाग निराळा.

एवढे सर्व जुळवून ग्राहक फोर्टातल्या एखाद्या दुकानात पैसे मोजतो, बिलासह आणि बिलाविना असे दोन भाव ऐकून घेतो, वॉरंटीच्या मोहाने बिलासहचा पत्करतो, आणि तेवढ्यात दुकानदार विचारतो, ‘साहेब, पुढे यूव्ही फिल्टर टाकू का? काचेला ओरखडा नको.’ लेन्सच्या पुढच्या तोंडालाही माप असते, आणि ते मागच्या गोत्राला मुळीच जुमानीत नाही. एकाच निकॉन कुळात जुन्या १८-५५ चे तोंड ५२ मिलिमीटरचे आहे, एएफ-पी १८-५५ चे ५५, ५० मिलिमीटर जी चे ५८, आणि मेव्हण्याच्या ७०-३०० चे ६७. ग्राहक लेन्स डोळ्यांजवळ नेऊन काठावरची बारीक अक्षरे वाचू पाहतो, चष्मा कपाळावर चढवितो, आणि भुवनेश्वरला बदलून गेलेल्या मेव्हण्याला फोन लावतो.