जानेवारीकाका

भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे जानेवारीकाका म्हणतात. खरं नाव मेंटेनन्सच्या बिलावर तेवढं उरलंय. बँकेतून निवृत्त झाले, पण तारखेचा शिक्का काही हातातून सुटला नाही. लिफ्टमध्ये लोक आरशात बघतात. काका लायसन्सची मुदत बघतात.

समोरच्या ब्लॉकमधली मुलगी डेटाबेसवर काम करते. तिने एकदा कौतुकाने त्यांना पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसचा कोड दाखवला. काका पहिल्या दहा ओळींच्या पुढे गेलेच नाहीत. फाइलीच्या माथ्यावर कॉपीराइट, आणि त्यात साल! ब्रूस मोमजियान नावाचे एक अमेरिकन गृहस्थ गेली कित्येक वर्षं दर जानेवारीत एक स्क्रिप्ट चालवून हजारावर फायलींतलं साल पुढे सरकवत आलेत, हे ऐकल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ह्याला म्हणतात माणूस!"

लगेच बोट खालच्या ओळीवर. "हे १९९४ कसं राहिलं? झोपले होते?"

"काका, ती ओळ कॅलिफोर्निया विद्यापीठाची. तिथल्या स्टोनब्रेकर नावाच्या प्राध्यापकांनी १९८६ मध्ये बर्कलीला हे काम सुरू केलं. विद्यापीठाचा हात थांबला तिथे त्यांचं साल थांबलं. १९९६ पासूनचं पुढच्या मंडळींचं, तेच तेवढं बदलतं."

काकांना पटलं. स्टीलच्या भांड्यांच्या गावात जन्म गेलेला माणूस. मामाने दिलेल्या डब्यावरचं नाव घासायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

मग तिने कायदा काढला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला अशी नोटीस लागत नाही. लिहिलं की हक्क आला. अमेरिकेतही १ मार्च १९८९ पासून सक्ती नाही.

"कायद्याला लागत नसेल. मला लागते."

वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या फाइलीचंही साल मोमजियानांची ती स्क्रिप्ट बदलते. माझ्या मते ही निव्वळ रंगरंगोटी. पण काकांपुढे हे बोलायची सोय नाही.

त्यांचा खरा जीव गेला तो एसक्यूलाइट नावाच्या दुसऱ्या डेटाबेसपायी. ते तर खिशातल्या फोनात बसलेलं. त्याचे कर्ते रिचर्ड हिप यांनी त्यावरचा हक्कच सोडून दिलाय; नोटिशीच्या जागी चक्क आशीर्वाद. काकांनी फोन हातभर लांब धरला, चष्मा वर केला. मुख्य फाइलीच्या माथ्यावर तारीख होती: १५ सप्टेंबर २००१.

"आशीर्वाद ठीक आहे गं," काका म्हणाले, "पण रिन्यू कुणी केला?"