बॉक्सच्या हाताखालचा व्हीसीआर

मुंबईची केबल १ नोव्हेंबर २०१२पासून डिजिटल झाली. पुणे, नागपूर, नाशिक यांची मुदत ३१ मार्च २०१३ला संपली, म्हणजे पुणेकरांचा पहिला डिजिटल दिवस १ एप्रिल. मुहूर्त काढणाऱ्याला दाद दिली पाहिजे. फर्मान एकच होते: सेट-टॉप बॉक्स लावा, नाहीतर टीव्ही बंद. टीव्हीखालच्या फळीवर क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेल्या व्हीसीआरचे काय, हे कुणी विचारले नाही.

या यंत्राला एक कला येत होती. त्याच्या पोटात स्वतःचा ट्यूनर होता. केबलची वायर आधी व्हीसीआरमध्ये आणि तिथून टीव्हीत जायची. त्यामुळे आजी एका चॅनेलवर मालिका बघत असताना यंत्र दुसऱ्या चॅनेलवरची मॅच गुपचूप टेपवर उतरवून घेई. कित्येक घरांतली शांतता या सोयीवर उभी होती. बॉक्स आला आणि ट्यूनर बसून पगार खाऊ लागला. चॅनेल निवडणार बॉक्स. व्हीसीआरने पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांतून येईल ते मुकाट्याने लिहून घ्यायचे. साहेबाचा कारकून झाला, तोही रोजंदारीवरचा.

टायमर मात्र शाबूत राहिला, आणि खरा घोटाळा तिथेच. रात्री साडेनऊला टायमर इमानाने जागा होतो, टेप फिरू लागते. बॉक्सला त्याची वार्ताही नसते. तो ज्या चॅनेलवर सोडलेला असेल, तेच टेपवर उतरते. नाटक हवे असलेल्या गृहस्थाला सकाळी पोटाचा घेर कमी करणाऱ्या पट्ट्यांच्या जाहिराती मिळतात. वीज वाचवायची म्हणून कुणी बॉक्स बंद करून झोपले, तर ई-१८० कॅसेटवर १८० मिनिटांचा शुद्ध अंधार. भारनियमनाच्या गावी तेवढेही भाग्य नाही. वीज गेली की यंत्राचे घड्याळ वेळ विसरते आणि नुसते लुकलुकत बसते.

उपाय आहे. हवे ते चॅनेल आधीच लावायचे, बॉक्स चालू ठेवायचा, व्हीसीआर ‘एव्ही’वर टाकायचा आणि घरातल्या सगळ्यांना रिमोटला हात न लावण्याची शपथ घालायची. पहिल्या तीन गोष्टी जमतात.

पुढे टीव्हीही बदलला. नव्या टीव्हीच्या पाठीत तीन रंगांची भोके शोधायला विजेरी लागते, आणि पुष्कळदा ती नसतातच. सापडली, तरी चार बाय तीनचे चित्र सोळा बाय नऊच्या पडद्यावर ताणले जाते आणि १९८९ सालच्या हडकुळ्या नवरदेवाला ऐन मंगलाष्टकांतच सासुरवाडीचे बाळसे येते.

अर्थात मंगलाष्टके टेपवर शिल्लक असली तर. कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडला की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. पण त्या खाचेवर सेलोटेप चिकटवली की होते! हा शोध घरोघरच्या धाकट्या चिरंजीवांनी स्वतंत्रपणे लावला आणि थोरल्या भावाची वरात शारजाच्या मैदानात बुडवली. उरल्यासुरल्या टेपांचा समाचार पावसाळा घेतो. कोकणातल्या कपाटात टेपवर पांढरी बुरशी धरते, आणि ती टेप तशीच यंत्रात घातली तर हेड बरबटते. मग पुढची चांगली कॅसेटही त्याच वाटेला.

शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवले. गिऱ्हाईक संपले नव्हते; आदल्या वर्षी साडेसात लाख यंत्रे विकली गेली होती. सुटे भाग मिळणे अवघड झाले होते. तेव्हा ज्यांच्या घरी यंत्र अजून चालते, त्यांनी लग्नाची कॅसेट या पावसाळ्याआधी संगणकात उतरवून घ्यावी. बुरशी दिसली तर यंत्रात घालून पाहू नये, आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. व्हीसीआरची वायर थेट कॅप्चर कार्डाला जोडायची. या कामाला बॉक्स लागत नाही.